दांडा, दस्ता आणि टॉमस ब्लँचर्ड

कुऱ्हाडीचा दांडा ही वस्तू दिसायला जितकी सामान्य, तितकीच घडवायला अवघड आहे. तो काठीसारखा वाटोळा असून चालत नाही, कारण वाटोळा दांडा घामेजलेल्या मुठीत फिरतो आणि घाव तिरका बसतो. फळीसारखा चपटा असूनही भागत नाही, कारण चपट्या दांड्याने घटकाभर लाकूड फोडले की तळहाताला फोड येतात. त्याचा छेद अंड्याच्या आकाराचा लागतो, नेढ्यापाशी तो भरीव, मध्ये सडपातळ आणि मुठीच्या टोकाला पुन्हा किंचित फुगीर असावा लागतो, आणि हे सारे फरक इतक्या बेमालूमपणे व्हावे लागतात की बोट फिरवले तर एक आकार कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे सांगता येऊ नये. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, उमरी, भोकर या टापूतला सुतार हा दांडा बाभळीचा करतो, आणि किनवटच्या रानातली धामण हाती लागली तर धामणीचा. लाकूड करवतीने न कापता रेषा पाहून फोडतो, एक टोक पायाच्या अंगठ्यांत धरून वाकसाचे हलके घाव घालीत उतरवतो, आणि शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करतो. मापाची पट्टी या साऱ्या व्यवहारात कोठेच येत नाही. माप त्याच्या मुठीत असते.

याच सुताराचा एक दूरचा भाऊबंद म्हणजे कातारी. लाकूड गरगर फिरवायचे, हत्यार स्थिर धरायचे, आणि फिरत्या लाकडावर ते टेकवून नको तेवढे काढून टाकायचे, ही त्याची विद्या. लाटणे, भोवरा, पाळण्याचे खूर, पलंगाचे खांब ही सगळी त्याची अपत्ये. सुतार आणि कातारी यांच्यातला भेद आपल्या समाजाने धंद्याचा व जातीचा म्हणून ओळखला असला, तरी त्याच्या मुळाशी भूमितीचा भेद आहे: कातारी जे जे घडवतो ते ते कोठेही आडवे छेदले तरी छेद वर्तुळच निघतो, आणि सुताराच्या हातून उतरणाऱ्या दांड्याचा, नांगराच्या रुमण्याचा किंवा खुर्चीच्या हाताचा छेद सहसा वर्तुळ नसतो. वर्तुळाच्या आतले राज्य यंत्राचे, बाहेरचे हाताचे, अशी ही पुरातन वाटणी होती, आणि ती कोणी मोडू शकेल असे मानवी इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात फारसे कोणाला वाटले नाही. ती ज्याने मोडली तो टॉमस ब्लँचर्ड अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या सटन या खेड्यात २४ जून १७८८ रोजी जन्माला आला.

त्याच्या आधी लाकूडकामाची यंत्रे नव्हती असे मात्र नाही. इंग्लंडच्या सॅम्युएल बेंटम या नौदल अभियंत्याने १७९१ व १७९३ साली घेतलेल्या पेटंटांत रंधण्यापासून खाचा पाडण्यापर्यंत आणि साळी मारण्यापासून पातळ पापुद्रे काढण्यापर्यंत लाकडाच्या जवळजवळ प्रत्येक संस्काराचे यांत्रिक रूप कल्पिलेले आहे. त्याचा वडील बंधू म्हणजे तत्त्वज्ञ जेरेमी बेंटम. त्याला एक आदर्श तुरुंग बांधायचा होता, त्या तुरुंगातल्या कैद्यांना उद्योग हवा होता, आणि कैद्यांच्या अंगी कसब नसल्यामुळे कसबाची जागा यंत्राने घ्यावी, हा त्या शोधांमागचा एक हेतू होता. यंत्रयुगाच्या उदात्त इतिहासातली ही बाब मला नेहमीच बोलकी वाटत आली आहे. पुढे याच बेंटमच्या आश्रयाखाली मार्क ब्रुनेलने कल्पिलेली व हेन्री मॉड्स्लीने घडवलेली ४५ यंत्रे पोर्टस्मथच्या गोदीत उभी राहिली, आणि जहाजाच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या करण्याच्या ज्या कामाला ११० कसबी माणसे लागत ते १० बिनकसबी माणसे करू लागली. १८०८ साली त्या कारखान्यातून १,३०,००० कप्प्या निघाल्या. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कसबी सागवानी जहाजे त्याच इंग्रजी आरमारासाठी बांधीत होते. १८१० चे 'मिंडन' हे त्यांपैकीच. परंतु पोर्टस्मथची कप्पी हीदेखील शेवटी वर्तुळाचीच प्रजा होती. वाकड्या, चढउताराच्या वस्तूला तिथेही कोणी हात घातला नव्हता.

ब्लँचर्डचे बालपण कौतुकाचे नव्हते. तो अडखळत बोले, शाळेत त्याचे मन रमले नाही, आणि घरच्यांनी त्याला वडील भावाच्या कारखान्यात छोट्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून त्यांना टोपी घडवण्याच्या कामावर बसवले. ते काम हाताने एकेक करायचे, त्यामुळे मुलगा कंटाळला. आणि कंटाळा ही यंत्रांची खरी जननी असल्याचा पुरावा म्हणून त्याने वयाच्या अठराव्या वर्षी चुका आपोआप करणारे एक यंत्र रचायला घेतले, ते सहा वर्षे मोडत-जोडत पुरे केले, आणि मिनिटाला पाचशे चुका पाडणाऱ्या त्या यंत्राचे हक्क ५,००० डॉलरना विकले. त्या पैशावर त्याने स्वतःची कार्यशाळा उघडली. मिलबरी गावचा बंदुकांचा कारखानदार एसा वॉटर्स याला त्या वेळी एक अडचण सतावीत होती: बंदुकीची लोखंडी नळी बाहेरून वाटोळी असते तोवर लेथवर, म्हणजे कातारीच्या यंत्रावर, उतरते, परंतु मागच्या टोकाशी ती कोनाकोनांची होते आणि तेवढा भाग हाताने घासावा लागतो. ब्लँचर्डने लेथला कॅमची, म्हणजे हत्यार पुढेमागे ढकलणाऱ्या वाकड्या चकतीची, एक साधी जोड देऊन तेही काम यंत्रावर आणले. हा वर्तुळाबाहेर टाकलेला पहिला पाय.

वार्ता स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारापर्यंत पोहोचली आणि त्याला तेथे यंत्र बसवण्यासाठी बोलावणे आले. ते यंत्र पाहायला जमलेल्या कामगारांत नळ्यांवर काम करणारे होते, त्यांचे चेहरे उतरले. पण बंदुकीचे लाकडी दस्ते घडवणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला म्हणतात की याने कोणाचीही भाकरी घेतली तरी माझी घेणार नाही, कारण दस्ता काही लेथवर फिरत नाही. ब्लँचर्डने उत्तर दिले की तसे खात्रीने सांगवत नाही, विचार करून पाहतो. घरी परतताना ब्रिमफील्ड गावाजवळ गाडीत एकटाच बसलेला असताना त्याला युक्ती सुचली आणि तो मोठ्याने ओरडला. रस्त्यावरच्या दोन शेतकऱ्यांनी ते ऐकले, आणि एकाने दुसऱ्याला सांगितले की हा माणूस बहुधा वेडा असावा. शोधकांच्या चरित्रांत असल्या कथा इतक्या आढळतात की त्या किती खऱ्या मानाव्यात हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे; पण दस्त्याच्या कारागिराने 'माझे काम फिरत नाही' असे म्हणावे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते फिरू लागावे, एवढा भाग इतिहासाचा आहे.

आता ते यंत्र जरा जवळून पाहू. बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे. यंत्राला एक झुलती चौकट आहे, आणि त्या चौकटीत एकाच आसावर दोन वस्तू ओळीने बसवलेल्या आहेत: एकीकडे दस्त्याचा लोखंडी नमुना, दुसरीकडे नुसता फोडलेला अक्रोडाचा ओबडधोबड तुकडा. आस हळूहळू फिरतो, त्यामुळे नमुना आणि तुकडा जोडीने, एकाच गतीने फिरतात. त्यांच्यासमोर सरकणाऱ्या गाड्यावर दोन चाके आहेत, दोन्ही अगदी सारख्या व्यासाची. पहिल्या चाकाला धार नाही. ते नमुन्याला टेकून आंधळ्याच्या बोटासारखे त्याचे उंचसखल चाचपीत राहते. दुसऱ्या चाकाच्या परिघावर पाती आहेत आणि पट्ट्याने ते अतिवेगाने फिरते. नमुन्याचा फुगवटा पहिल्या चाकाखाली आला की झुलती चौकट मागे ढकलली जाते आणि पात्यांपुढचा तुकडाही तेवढाच मागे हटतो, म्हणून तेथे लाकूड कमी कापले जाते. नमुन्याचा खोलगट भाग आला की चौकट पुढे येते आणि पाती तेवढीच खोल शिरतात. गाडा मुंगीच्या पावलाने एका टोकाकडून दुसरीकडे सरकतो, त्यामुळे पात्यांची वाट मळसूत्रासारखी सबंध लाकडाभोवती गुंडाळली जाते, आणि गाडा शेवटी पोहोचला की तुकड्याचा दस्ता झालेला असतो. अंगावर मळसूत्री रेषांचे वळ राहतात, तेवढे घासून काढायचे.

या रचनेतली खरी बुद्धिमत्ता कोठे आहे ते नीट ओळखले पाहिजे. यंत्राला दस्त्याचा आकार ठाऊक नाही. नमुना बदलून कुऱ्हाडीचा दांडा लावा, दांडा निघेल. चांभाराचा फर्मा लावा, फर्मा निघेल. गाडीच्या चाकाचा आरा लावा, आरा निघेल. आकार यंत्राच्या रचनेत न ठेवता तो बाहेर, एका वेगळ्या व काढता येण्याजोग्या वस्तूत ठेवायचा, ही ब्लँचर्डची कल्पना, आणि कारागिराच्या मुठीतले माप पहिल्यांदा मुठीबाहेर काढून खुंटीवर टांगले गेले ते या कल्पनेने. अर्थात तो पहिला नमुना कोणा तरी निष्णात हाताने वाकस व कानस चालवूनच घडवावा लागतो. पेटंटाच्या कागदात त्या हाताचे नाव नसते.

६ सप्टेंबर १८१९ रोजी पेटंट मिळाले, आणि सुधारून २० जानेवारी १८२० रोजी पुन्हा देण्यात आले. स्प्रिंगफील्डचा अधीक्षक रॉझवेल ली हा दूरदृष्टीचा अंमलदार होता. त्याने ब्लँचर्डला शस्त्रागारातच जागा, पाण्याची शक्ती व माणसे देऊन दस्त्यांचे काम मक्त्याने सोपवले. तेथे पाच वर्षे राहून ब्लँचर्डने एका यंत्राची चौदा यंत्रे केली: एक दस्त्याला बाह्य आकार देणारे, एक नळी बसण्याची पन्हळ खोदणारे, एक चापाच्या यंत्रणेची खाच कोरणारे, असे करीत लाकडाच्या तुकड्यापासून तयार दस्त्यापर्यंतची सबंध वाट यंत्रांची झाली. सरकारी शस्त्रागारांत होणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे त्याला नऊ सेंट मिळत. १८५४ साली इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने अमेरिकी कारखान्यांचा जो अहवाल सादर केला त्यात स्प्रिंगफील्डच्या एका दस्त्यामागे माणसाचे लक्ष अवघे २२ मिनिटे खर्ची पडते असे नोंदवले आहे.

या २२ मिनिटांचे रहस्य केवळ लाकडात नव्हते. स्प्रिंगफील्डला नळी आणि चापही गेजने, म्हणजे ठरीव मापाच्या साच्याने, तपासलेले असत, म्हणून कोणताही दस्ता कोणत्याही नळीला बसे. आपल्याकडे हीच गोष्ट उलट बाजूने पाहायला मिळते. हार्डवेअरच्या दुकानात यंत्रावर उतरवलेले, एकासारखे एक दांडे मोळीने मिळतात. पण गावच्या लोहाराने ठोकलेल्या कुऱ्हाडीचे नेढे प्रत्येक वेळी निराळे असते, म्हणून गिऱ्हाईक नवा दांडा विकत घेऊन पुन्हा सुताराच्याच दारी जाते, आणि सुतार नेढ्याच्या बाजूने वाकसाने चार घाव घालून, पाचर ठोकून तो बसवून देतो.

पेटंट मिळाले म्हणजे पैसा मिळाला, असे समजणाऱ्यांनी ब्लँचर्डच्या कज्ज्यांची कैफियत वाचावी. पेटंट हा शेवटी सरकारने दिलेला मुदतीचा मक्ताच. फरक इतकाच की घाटाचा किंवा आबकारीचा मक्ता मोडणाऱ्याला शिपाई धरून आणतो, आणि पेटंटाचा मक्ता मोडणाऱ्याला मक्तेदाराने स्वखर्चाने शोधावे लागते. बुटांचे फर्मे करणारे, आरे करणारे, दांडे करणारे अनेक कारखानदार त्याचे यंत्र बिनदिक्कत उभे करून चालवीत होते. त्या काळी मुदत चौदा वर्षांची असे, आणि १८३६ चा कायदा होईपर्यंत अर्जाची खरी तपासणीही होत नसे, फक्त नोंद होई. म्हणून मूळ शोध कोणाचा हे प्रत्येक वेळी न्यायालयातच सिद्ध करावे लागे. मुदत संपताना आपल्याला श्रमाचे फळ मिळाले नाही अशी दरखास्त ब्लँचर्डने अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवली आणि १८३४ मध्ये खास कायद्याने त्याला आणखी चौदा वर्षे मिळाली. पण त्या कायद्यात मूळ पेटंटाची तारीख चुकीची पडली! प्रतिवादींनी ते हेरले, न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही असा निर्णय दिला, आणि १८३९ मध्ये काँग्रेसला दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. एका कारकुनाच्या लेखणीने घसरून एवढे घडवावे, याचे ज्यांनी आपल्याकडच्या जमिनीच्या दाखल्यांसाठी तहसिलाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना नवल वाटण्याचे कारण नाही.

त्याच स्टोरींपुढे दुसरा, अधिक खोल प्रश्न आला. ब्लँचर्डचा दावा नेमका कशावर? नमुन्यावरून प्रत उतरवण्याच्या क्रियेवर, की ती क्रिया करणाऱ्या विशिष्ट यंत्रावर? क्रियेवरच हक्क मागितला असेल तर पुढे कोणीही कोणत्याही उपायाने नमुन्याची नक्कल केली तरी तो अपराधी ठरेल, आणि कायदा इतके मोठे दान कोणालाही देत नाही. स्टोरींनी पेटंटाचा लेख उदारपणे वाचून ठरवले की हक्क यंत्रावर आहे, अमूर्त तत्त्वावर नाही, आणि म्हणून तो ग्राह्य आहे. कल्पना सर्वांची, तिचे देह ज्याचे त्याचे, हा विवेक पुढच्या शंभर वर्षांच्या पेटंट-न्यायाला पुरला.

दुसरी मुदत संपत आली तेव्हा ब्लँचर्डने जे केले त्याला तोड नाही. त्याने आपले यंत्र आणखी सुधारून त्यावर पुतळ्यांच्या प्रती उतरवायला सुरुवात केली होती. वेब्स्टर, क्ले, कॅल्हून अशा बड्या मुत्सद्द्यांचे अर्धपुतळे त्याने वॉशिंग्टनला नेऊन काँग्रेसच्या इमारतीत मांडले. सभासद आपापल्या पुढाऱ्यांची मुखे न्याहाळू लागले आणि १८४८ पासून पुढे आणखी चौदा वर्षांची मुदत मंजूर झाली. वक्ता रूफस चोट म्हणाला की ब्लँचर्डने काँग्रेसची डोकीच फिरवली. माझ्या मते पहिली वाढ न्याय्य होती. दुसरी मात्र त्या अर्धपुतळ्यांची करामत. १८२० पासून १८६२ पर्यंत बेचाळीस वर्षे टिकलेला हक्क हा शोधाचा मोबदला राहत नाही, तो वतन होतो. याचा अधिक वाईट नमुना म्हणजे विल्यम वुडवर्थचे फळ्या रंधण्याचे यंत्र. १८२८ चे ते पेटंट वुडवर्थच्या मृत्यूनंतर वारसांच्या व हक्क विकत घेतलेल्या धनिकांच्या हाती गेले, पुन्हा पुन्हा वाढवून घेऊन १८५६ पर्यंत ताणले गेले, आणि देशभर रंधलेल्या फळीमागे खंडणी गोळा करणारी एक टोळीच त्याच्या आश्रयाने माजली. ब्लँचर्डच्या बाजूने इतके तरी म्हणता येते की त्याचा हात अखेरपर्यंत चालता राहिला. वाफेची गाडी, उथळ नदीत चालणाऱ्या आगबोटी, आणि १८४९ मध्ये लाकूड वाकवण्याची एक युक्ती: वाफवलेले लाकूड वाकवताना त्याच्या दोन्ही टोकांवर दाब ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या अंगाचे तंतू ताणून तुटत नाहीत. आपल्या सुताराला बैलगाडीच्या चाकाचे पुठ्ठे तुकड्यातुकड्यांनी कोरून, सांधून, वरून लोखंडी धाव चढवून आवळावे लागतात. ब्लँचर्डच्या रीतीने वाकवलेल्या चाकाच्या कडेत ते तुकडे राहत नाहीत. ही युक्तीही पाटीच्या चौकटीपासून जहाजाच्या फासळ्यांपर्यंत चालली. तो १६ एप्रिल १८६४ रोजी बॉस्टनला वारला.

त्याच्या यंत्राचा आपल्या देशाशी आलेला संबंध सरळ नाही, पण आला तो अशा काळी आला की विसरता येत नाही. १८५४ मध्ये इंग्रज सरकारने अमेरिकेला समिती पाठवून चिकोपी येथील एम्स कारखान्याकडून दस्ते घडवण्याची यंत्रे विकत घेतली आणि ती लंडनजवळच्या एन्फील्ड येथे बसवली. १८५३ च्या नमुन्याची जी एन्फील्ड बंदूक तेथे होऊ लागली, तिच्याच काडतुसांवरून १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली आणि पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या वर्षी एन्फील्डचा कारखाना नुकताच उभा राहत होता, म्हणून हा संबंध सरळ म्हणता येत नाही.

योगायोग असा की हिंदुस्थानात शोधांच्या हक्काचा पहिला कायदाही याच सुमाराचा, म्हणजे १८५६ चा सहावा कायदा. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या गृहस्थाने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला, आणि राणीची पूर्वसंमती नसल्याने तो कायदाच रद्द होऊन १८५९ मध्ये दुसरा करावा लागला. हे सारे इंग्रजी मुलखातले. धर्माबाद निजामाच्या मुलखात होते. येथे माल शिरताना करोडगिरीचा नाका आडवा येई, पण कलकत्त्याचे पेटंट त्या नाक्यापाशीच थांबे. मराठी माणसांपैकी ज्याने शोध आणि पेटंट यांचा हा मार्ग अखेरपर्यंत चालून पाहिला तो मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेला शंकर आबाजी भिसे. मुद्रणाचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर त्याने आयुष्य वेचले, लंडनला रतन टाटांचे द्रव्यसाहाय्य मिळवले, तेथून न्यूयॉर्क गाठले, आणि १९३५ मध्ये तेथेच देह ठेवला. ब्लँचर्डला जे स्प्रिंगफील्ड लाभले, म्हणजे सरकारी छप्पर, पाणी आणि बांधलेले गिऱ्हाईक, ते भिशांना लाभले नाही.

गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे गेली आणि धर्माबादला स्टेशन झाले, तेव्हा येथल्या सुतारावर पहिला आघात लाकडाच्या यंत्राने केला नाही, लोखंडाने केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर काळ्या रानात उतरू लागला आणि सुताराच्या बलुत्यातले मानाचे अवजार त्याच्या हातून गेले. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत असल्यामुळे शेतकरी आधी नांगर घेईनात हे प्रसिद्ध आहे. सुतारांनी ती समजूत दूर करण्याची फारशी घाई केली नसणार. त्यानंतर आली आरा मशीन. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, हा तिचा प्राण. त्याचे पेटंट लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्येच घेतले होते, पण पट्ट्याची दोन टोके जोडलेली जागा टिकेना, म्हणून ते यंत्र जवळजवळ चार दशके कागदावर राहिले. १८४६ मध्ये आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईने टिकाऊ सांधा करण्याची रीत शोधली, पॅरिसच्या पेरँ कारखान्याने ती उचलली, आणि मग हे यंत्र जगभर पसरले. किनवटचा सागवानी मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडात आला. त्या सागाच्या ओंडक्यांना, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात शेताच्या बांधावरच्या बाभळी-लिंबांना, या पट्ट्याने फळ्यांचे रूप दिले आहे. जेथे ओंडका तिरपा उभा करून एक जण वर आणि एक जण खाली दिवसभर करवत ओढीत, तेथे आता पट्ट्याची किंकाळी एकदा उठते आणि फळी अलग होते. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या, वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यातील हुकुमानंतर या आरा गिरण्यांचे परवाने इतके कडक झाले की आज नव्या गिरणीपेक्षा जुन्या गिरणीचा परवाना मोलाचा. वाहतुकीचा पास, ओंडक्यावरचे हातोड्याचे निशाण आणि नोंदवही या तीन गोष्टी नीट असल्या तर वखारवाल्याला झोप लागते.

हाताचे काम अजून टिकलेले पाहायचे तर धर्माबादहून बासरमार्गे पुढे गेले की निर्मल लागते. तेथले नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी, पक्षी आणि फळे करतात. आकार हाताने कोरायचा, तुकडे चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधायचे, आणि त्यावर रंग चढवायचा. ब्लँचर्डच्या दृष्टीने पाहिले तर ही सगळी वर्तुळाबाहेरची कामे आहेत आणि एका चांगल्या नमुन्यावरून हवी तेवढी उतरवता येतील. त्यांना संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे १९९९ मध्ये झाला, भौगोलिक ओळखीचा, आणि निर्मलच्या खेळण्यांची त्यात नोंद आहे. हा हक्क कोणा एकाचा नाही, त्याला चौदा किंवा वीस वर्षांची अंतिम मुदत नाही, दर दहा वर्षांनी तो नवा करून घेता येतो. ब्लँचर्डला जी गोष्ट पुतळे मांडून मागावी लागली ती येथे अर्ज आणि शुल्क भरून मिळते. मात्र तो हक्क नावावर आहे, आकारावर नाही. दिल्लीला किंवा चीनला एखाद्याने निर्मलचा पोपट नक्कल उतरवणाऱ्या लेथवर चढवून दिवसाला हजार उतरवले तरी कायद्याची हरकत नाही. तो निर्मलचा म्हणून विकू नये, एवढेच.